मरण विसरलेली पेशी

भिलाईचा वैशाख ज्याने अनुभवला आहे त्याला उष्णता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या बाराही महिने धगधगत असतात. आणि मे महिन्यात आकाशही त्यांच्याशी स्पर्धा करू लागते. पारा ४४-४५ अंशांवर जातो, रस्ते ओस पडतात, आणि वसाहतीतील भटकी कुत्री गळक्या नळाखालची ओली जागा शोधून, जीभ बाहेर काढून धापा टाकीत पडून राहतात. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. जिभेवरची ओल आणि श्वासाची धाप एवढ्याच भांडवलावर त्याला हा काळ काढावयाचा असतो.

पण उन्हाशी झुंजण्याची याहून जुनी एक तजवीज त्याच्या देहात असते. ती तुमच्याआमच्या देहात आहे, माशीत आहे, गव्हाच्या रोपात आहे, फार काय, एकपेशीय जंतूंतही आहे. ती तजवीज म्हणजे प्रत्येक पेशीत वसणारी काही प्रथिने होत. त्यांना ऊष्माघात-प्रथिने किंवा ताण-प्रथिने म्हणतात. जिवाचे रक्षण करणारी ही प्रथिने कधी कधी जिवाच्या वैऱ्याचेही रक्षण करतात. आणि ते कसे, हे कुत्र्यांच्या त्वचेवरील गाठींचा अभ्यास केला असता स्पष्ट दिसते. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

या प्रथिनांचा शोध योगायोगाने लागला. १९६०च्या सुमारास इटलीत फेरुच्चिओ रितोस्सा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत होते. त्यांच्या उबवणपेटीचे तापमान प्रयोगशाळेतल्या कोणा सहकाऱ्याने वाढवून ठेवले. दुसरा एखादा चिडला असता आणि त्या माश्या त्याने टाकून दिल्या असत्या. रितोस्सांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. नेहमी शांत असणाऱ्या काही जागी गुणसूत्रे फुगलेली दिसली. एरवी निद्रिस्त असलेली जनुके उष्णतेच्या चाहुलीने खडबडून जागी झाली होती. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि या फुगवट्यांबरोबर पेशीत विशिष्ट प्रथिने तयार होऊ लागतात हे १९७४ मध्ये दाखविले गेले. या शोधमालिकेत भारताचाही वाटा आहे. १९७० मध्ये मुखर्जी व लखोटिया या भारतीय संशोधकांनी बेन्झामाइड या रसायनाने फळमाशीच्या गुणसूत्रावरील असाच एक विशिष्ट फुगवटा जागा करून दाखविला. आणि पुढे लखोटियांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे आयुष्यभर अध्ययन केले.

ही प्रथिने करतात तरी काय? पेशीतले प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब साखळी असते, आणि ती ठराविक रीतीने दुमडली तरच तिला आपले काम करता येते. उष्णता वाढली की या घड्या विसकटतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, गोळे होऊन बसतात. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर गोठतो, तोच प्रकार. अशा वेळी ताण-प्रथिने धावून येतात. विसकटलेल्या साखळीला हात देतात, भलत्याशी गुंतू देत नाहीत, आणि तिची घडी पुन्हा बसेपर्यंत तिच्याजवळ थांबतात. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते. ती स्वतः संसार करीत नाही. मुलगी नव्या घरात रुळेपर्यंत सोबत करते आणि मग परत फिरते. शास्त्रज्ञांनी या प्रथिनांना जे नाव दिले आहे त्याचा अर्थ नेमका हाच आहे. त्यांच्या रेणूंच्या वजनावरून त्यांना २७, ७०, ९० असे क्रमांक दिलेले आहेत. आणि येथे ताण हा शब्द मनाच्या चिंतेच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. उष्णता, प्राणवायूची उणीव, विष, जंतूंचा हल्ला, अशी पेशीच्या जिवावर बेतणारी कोणतीही अवस्था म्हणजे ताण.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. ती मरणाची आहे.

पेशी दोन रीतींनी मरते. भाजले, चेंगरले, रक्तपुरवठा तुटला तर ती सुजते, फुटते, आतला द्रव भोवती सांडतो आणि ती जागा लाल होऊन ठणकू लागते. हे अपघाती मरण. दुसरे मरण मात्र शांतपणे, नेमस्तपणे घडते. पेशी आकसते, तिचे केंद्रक घट्ट होते, तिचे लहान लहान आवरणबंद तुकडे होतात, आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना पू, ना वेदना. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये या मरणाचे सविस्तर वर्णन केले. ॲबरडीन विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी त्यांना त्यासाठी ‘अ‍ॅपोप्टोसिस’ हा शब्द सुचविला. झाडावरून पाने गळावीत, फुलाच्या पाकळ्या झडाव्यात, असा त्या ग्रीक शब्दाचा भाव आहे.

हा शब्द किती अन्वर्थक आहे पाहा. फाल्गुनात दुर्गच्या आसपासच्या रानात पळस आणि मोह पाने टाकून उघडे होतात. आपण म्हणतो, पाने वाळली म्हणून गळली. पण एखादी फांदी अर्धवट मोडून लोंबत असेल तर तिच्याकडे नीट पाहावे. तिच्यावरची पाने वाळतात, करपतात; पण गळत नाहीत. महिनोन्‌महिने तशीच चिकटून राहतात. कारण पान गाळणे हे जिवंत फांदीचे काम आहे. देठाच्या मुळाशी झाड स्वतःच एक थर घडविते आणि तेथून पान सुटते. मेलेल्या फांदीला तेवढेही बळ उरत नाही. पेशींचे नियत मरण असेच आहे. ते देहाच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. माणसाच्या देहात रोज पाच ते सात हजार कोटी पेशी या रीतीने जातात असा अंदाज आहे. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात तीही मधल्या पेशी मरतात म्हणून.

त्वचा तर जणू या जननमरणाच्या फेऱ्यावरच उभी आहे. कुत्र्याच्या बाह्यत्वचेतील पेशी तळाशी जन्मते, वर वर सरकत जाते, कठीण होते आणि सुमारे तीन आठवड्यांत झडून जाते. उन्हातील अतिनील किरणांनी तळच्या पेशीतील जनुकद्रव्याला इजा झाली तर पी-५३ नावाचे प्रथिन ती इजा ओळखते. दुरुस्ती शक्य असेल तर पेशीची वाढ थांबवून दुरुस्तीला अवसर दिला जातो. नसेल तर त्या पेशीला मरणाची आज्ञा होते. त्वचेचा एक कण गेला, पण देह वाचला. ही आज्ञा मोडली गेली, इजा झालेली पेशी मेली नाही, वाढत राहिली, तर तिच्यातून अर्बुद निर्माण होऊ शकते. पोटाकडची कातडी गोरी आणि केस विरळ अशा कुत्र्यांना, ती सतत उन्हात पडून राहिली तर, त्वचेचा कर्करोग होण्याचा संभव अधिक असतो, त्याचे कारण हेच.

अर्बुद म्हणजे केवळ अनावर वाढ, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. अर्बुद म्हणजे वाढीचा अतिरेक आणि त्याचबरोबर मरणाचा अभाव. जमाखर्चाच्या वहीत जमा तशीच राहिली आणि खर्चाचे पान फाटले तरी शिल्लक फुगतेच.

येथे आपले रक्षक, म्हणजे ताण-प्रथिने, पुन्हा रंगभूमीवर येतात. अर्बुदातील पेशीचे जिणे सुखाचे नसते. गाठ वाढते तशी रक्तवाहिन्या अपुऱ्या पडतात, प्राणवायू कमी होतो, आतली आम्लता वाढते, बिघडलेल्या जनुकांतून वेडीवाकडी प्रथिने तयार होतात. म्हणजे ताण सतत असतोच. अशा पेशीने खरे तर मरावयास हवे. पण ती ताण-प्रथिनांचा साठा करते. मरणाची आज्ञा पेशीत ज्या साखळीने पोचते त्या साखळीच्या कड्या ७० आणि २७ क्रमांकांची प्रथिने अडवून धरतात. ९० क्रमांकाचे प्रथिन याहून चमत्कारिक काम करते. जी बिघडलेली प्रथिने एरवी मोडून पडली असती त्यांनाच ते टेकू देऊन उभे ठेवते. पाठराखिणीचा धर्म सोबत करण्याचा. आपण कोणाची सोबत करीत आहोत, हे तिला विचारता येत नाही.

कुत्र्यांच्या त्वचेवरील अर्बुदांचे छेद घेऊन त्यांतील ही प्रथिने रंगवून पाहण्याचे काम निरनिराळ्या देशांतील पशुवैद्यकांनी केले आहे. इटलीतील तेरामो येथील संशोधकांचे काम त्यांत उल्लेखनीय आहे. अशा अभ्यासांतून एक गोष्ट ध्यानी येते. सर्व अर्बुदे एका माळेचे मणी नव्हेत. निरोगी त्वचेतही ही प्रथिने असतात. अर्बुदाच्या जातीप्रमाणे आणि पेशीच्या पक्वतेप्रमाणे त्यांचे प्रमाण व स्थान बदलते. म्हणूनच कुत्र्याची त्वचा हा अभ्यासकांना एक ग्रंथच वाटतो. त्यातली तीन पाने उलगडून पाहू.

पहिले पान आशेचे. तरुण कुत्र्यांच्या, विशेषतः तीन-चार वर्षांच्या आतील कुत्र्यांच्या, डोक्यावर, कानावर किंवा पायावर एखादी लालसर, गोल, केस गेलेली गाठ अकस्मात उगवते आणि भराभर वाढते. हिला हिस्टिओसायटोमा म्हणतात. घरची माणसे घाबरून जातात. आणि मग काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, पुष्कळ वेळा ती गाठ आपोआप मावळते. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. देहाच्या संरक्षक पेशी त्या गाठीत शिरतात आणि तिच्यातील पेशींना विसरलेले मरण आठवून देतात.

दुसरे पान सावधपणाचे. मास्ट पेशींचे अर्बुद हे कुत्र्यांच्या त्वचेवरील घातक अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणारे. ते साध्या चरबीच्या गाठीसारखे दिसू शकते, फोडासारखे दिसू शकते. बहुरूप्याप्रमाणे सोंगे आणते. या पेशींत हिस्टामाइन भरलेले असते. गाठ दाबली वा चोळली तर ते बाहेर पडून ती जागा सुजते. यांपैकी काही अर्बुदांत ‘किट’ नावाचे एक प्रथिन बिघडलेले असते आणि ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा अखंड आदेश देत राहते. त्यावर बेतलेले टोसेरानिब हे औषध २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. कुत्र्यांच्या कर्करोगासाठी म्हणून मुद्दाम तयार होऊन तेथे मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय. या बिघडलेल्या किटला टेकू देणाऱ्यांत ९० क्रमांकाची पाठराखीणही आहे. तेव्हा तो टेकूच काढून घेणारे औषध आजारी कुत्र्यांना देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले, आणि त्यांचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरे पान विलक्षण आहे, आणि ते आपल्या गल्लीबोळांतले आहे. भटक्या कुत्र्यांत एक अर्बुद संसर्गाने पसरते. ते मुख्यतः जननेंद्रियांवर होते. पण हुंगण्या-चाटण्यातून नाकावर, तोंडात आणि कधी त्वचेवरही रुजते. हा संसर्ग जंतूचा नव्हे; अर्बुदाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन वाढू लागतात. १८७६ मध्ये रशियात नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने या गाठीचे कलम एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर करून दाखविले होते. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी तर आश्चर्याचा कळस केला. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. या अर्बुदाच्या पेशीत मात्र ती साठाच्या आसपास आढळतात. आणि जगभरच्या कुत्र्यांतील या गाठी मूळ एकाच कुत्र्याच्या पेशीच्या वंशज आहेत. तो कुत्रा चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशिया खंडात कोठेतरी होऊन गेला, असे २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासाचे अनुमान आहे. तो केव्हाच मातीत मिसळला. पण त्याची एक पेशी मरण विसरली ती आजतागायत जिवंत आहे. पुराणांतील चिरंजीवांना शाप असतो तसाच हाही. दुसऱ्याच्या देहाला पीडा दिल्यावाचून तिला जगताच येत नाही.

आणि या सहस्रायु पेशीला मरण देणारे औषध कोठले म्हणाल, तर आपल्या अंगणातले. सदाफुलीच्या झाडातून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन आठवड्यातून एकदा शिरेतून दिले असता बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. पेशीचे विभाजन ते अडवून धरते आणि अडकून पडलेली पेशी अखेर नियत मरण पत्करते. तथापि, कोणी सदाफुलीची पाने वाटून पाजावयास जाऊ नये. ते झाड विषारी आहे. आणि हे औषध शिरेबाहेर सांडले तरी मांस जाळते. ते पशुवैद्याच्याच हातात शोभते.

कुत्र्याच्या गाठीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. छत्तीसगडातून मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या रुग्णांना याचे उत्तर परळमध्येच सापडेल. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये परळला उघडले. त्याच परळात १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय होते आणि जनावरांचे बाई साकरबाई रुग्णालयही. माणसाचे आणि जनावराचे दुखणे असे शेजारी शेजारी नांदत आले आहे. टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी विकृतिशास्त्राची परंपरा घातली. आणि त्यांच्या प्रेरणेने डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारून, देहाबाहेर वाढणाऱ्या पेशी आणि प्रयोगशाळेतील उंदीर यांच्या साह्याने कर्करोगाचा अभ्यास केला. उंदराला रोग मुद्दाम द्यावा लागतो. कुत्र्याला तो आपल्यासारखाच, आपल्याच घरात, आपलीच हवा आणि आपलेच ऊन अंगावर घेताना होतो. त्याचे आयुष्य आखूड असल्याने आपल्या दहा वर्षांची कथा त्याच्या दोनतीन वर्षांत उलगडते. त्याच्यावर केलेला उपचार त्याच्याही कामाचा आणि माणसाच्याही.

मी वैद्य नव्हे. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो. उन्हाळा कडक आहे म्हणून कुत्र्याला अर्बुद होते, असा अर्थ कोणी काढू नये. हवेचा उकाडा आणि सूर्याचे अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि ताण-प्रथिने ही रोगाचे मूळ नव्हेत, ती मूळची रक्षकच आहेत. पण आपल्या कुत्र्याच्या अंगावर आठवड्यातून एकदा हात फिरवावा. गाठ लागली तर ती चोळू नये, दोरा बांधू नये, डाग देऊ नये, चुना लावू नये. बारीक सुईने त्यातील पेशी काढून काचेवर पाहिल्या म्हणजे बहुधा निदान होते. दुखणे सुईच्या टोचण्याएवढे. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०१२ पासून कामधेनू विश्वविद्यालय आहे. नागपूर, मुंबई, परभणी येथेही अशी महाविद्यालये आहेत. गाय-बैल तेथे न्यावेत हे आपणांस ठाऊक असते. कुत्र्यालाही न्यावे, हे ठाऊक असूनही आपण टाळतो.

आणि ज्याला मालक नाही त्याचे काय? त्याचा मालक म्हणजे नगरपालिका, म्हणजेच आपण सर्व. २००१ पासून आपल्या देशात भटक्या कुत्र्यांच्या जननियंत्रणाचे नियम आहेत. २०२३ मध्ये ते नव्याने करण्यात आले. निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. या कामाकडे आपण केवळ संख्या कमी करण्याचे काम म्हणून पाहतो. पण ज्या संसर्गी अर्बुदाची गोष्ट आत्ता सांगितली त्याचा मुख्य मार्ग समागमाचा आहे. म्हणून जे कुत्रे निर्बीज झाले त्याच्यापुरती त्या हजारो वर्षांच्या पेशीची वाट बहुतांशी बंद झाली. शिवाय शस्त्रक्रियेच्या त्या एका दिवशी प्रत्येक भटके कुत्रे वैद्याच्या हाताखालून जाते. जन्मात एकदाच येणारी ही संधी आहे. त्या दिवशी त्याच्या अंगावर कोठे गाठ आहे काय, हे पाहून नोंदवहीत एक ओळ लिहिली जावी. त्यासाठी वेगळी योजना नको, वेगळा निधी नको. नोंदवहीत एक रकाना पुरे. अशा रकान्यांची बेरीज झाली म्हणजे कोणत्या गावात कोणता रोग किती आहे, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.

भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकर त्याला टोचेल म्हणून. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती भक्तीची म्हणून बाजूला ठेवतो. मला ती निरीक्षणाचीही वाटते. कुत्र्याच्या घशाला कोरडी भाकर टोचत असेल, एवढे त्याच्याकडे पाहण्याची सवय त्या संताला होती. शास्त्रज्ञ पेशीकडे याच सवयीने पाहतो. आणि म्हणून त्याला दिसले की जगविणारे आणि मारणारे असे दोन निराळे पक्ष देहात नाहीत. वेळेवर मरण्याची रीत आणि संकटात तग धरण्याची रीत या दोन्ही एकाच पेशीत शेजारी शेजारी असतात, आणि देहाचे आरोग्य त्या दोहोंच्या समतोलावर उभे असते. तो तोल ढळला की रक्षकच वैऱ्याच्या दारावर पहारा देऊ लागतो. तो ढळलेला तोल सावरणारी औषधे शोधली जात आहेत. त्यांतली काही प्रथम एखाद्या आजारी कुत्र्याला दिली जातील आणि त्यानंतरच माणसाच्या वाट्याला येतील. तोवर आपल्या हाती एवढेच आहे, की पायाशी येऊन बसणाऱ्या त्या मुक्या जिवाच्या अंगावर हात फिरवावा, बोटांना जे लागेल ते दुर्लक्षू नये, आणि वेळ आहे तोवर त्याला वैद्याकडे न्यावे.